गुडघ्यांसाठी जागा

मागणीचा कागद एका ओळीचा होता: ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्राला भाजीपाला लावण्यासाठी दोन उंच लाकडी पेट्या हव्यात, येणाऱ्यांपैकी काही जण व्हीलचेअरवर असतात. सोबत एक फोटो जोडलेला होता. फोटोतली पेटी छान होती, पण जमिनीपासून वरपर्यंत बंद. अशा पेटीपाशी खुर्ची आडवी लावावी लागते आणि कमरेतून वळून काम करावं लागतं. धडधाकट माणसालाही ते दहा मिनिटांच्या वर झेपत नाही. आम्ही फोटोबरहुकूम पेटी करून दिली असती तर ती सुबक झाली असती आणि महिन्याभरात तिच्यात फक्त मदतनीस काम करताना दिसले असते.

आमची कार्यशाळा स्वयंसेवकांची आहे. मजुरी आम्ही घेत नाही, सामानाचा खर्च मागणी करणारी संस्था करते. काम हातात घेण्याआधी पाच गोष्टी लिहून घेतो: वस्तू कोण वापरणार, किती जण वापरणार, ती कुठे राहणार, तिची देखभाल कोणाकडे असेल आणि ती नक्की कधीपर्यंत हवी. चौथ्या प्रश्नाचं उत्तर “बघू” असं आलं तर काम थांबवतो. उघड्यावर राहणाऱ्या लाकडाला कोणी वाली नसेल तर ते फार टिकत नाही. काही कामांना सरळ नाही म्हणतो: घरगुती दाबाच्या विजेची दुरुस्ती, तान्ह्या बाळांचे पाळणे, मुलांनी चढायच्या उंच चौकटी. मुलांच्या चढण्या-खेळण्याच्या साहित्यात ८९ ते २३० मिलिमीटर रुंदीची फट राहिली तर अंग आरपार जातं आणि डोकं अडकतं. असं काम तपासायला त्या विषयाचा परीक्षकच लागतो, चांगला सुतार असणं पुरेसं नसतं.

पेट्यांचं माप घ्यायला तिघं गेलो. नेहमी वापरात असलेल्या पाच व्हीलचेअर मोजल्या. बसायची उंची ४८ ते ५० सेंटीमीटर भरली. पाय पावठ्यावर ठेवल्यावर गुडघ्याचा माथा ६१ ते ६६ वर येत होता आणि खुर्चीचे हात ७१ ते ७५ वर. या शेवटच्या आकड्याकडे फार जण लक्ष देत नाहीत. गुडघे आत जातील एवढी जागा ठेवली तरी खुर्चीचे हात पेटीच्या कडेला आधीच अडतात, आणि माणूस वीसेक सेंटीमीटर मागेच राहतो. पाचांपैकी तीन खुर्च्यांचे हात पुढे आखूड होते, ते अडले नसते. उरलेल्या दोन खुर्च्यांचे हात खटका दाबून काढता येतात, हे तिथल्या मदतनिसांनी दाखवलं, नाहीतर आराखडा वेगळा करावा लागला असता.

दुसऱ्या फेरीत लाकूड नेलं नाही, पुठ्ठा नेला. चार काठ्या, पुठ्ठ्याचा खोका आणि चिकटपट्टी एवढ्यात खऱ्या मापाची पेटी उभी राहते. प्रत्येकाला तिच्यापाशी बसायला सांगितलं. हातात खुरपं दिलं, मागच्या कडेला ठेवलेली वाटी उचलायला सांगितली आणि नंतर खुर्ची स्वतः मागे घ्यायला सांगितली. शेवटची कृती विसरू नये. आत शिरता येतं पण चाकाला हात पोचत नसल्याने बाहेर निघता येत नाही, असं होऊ शकतं. कडेची उंची आधी ९० धरली होती. पुठ्ठ्याच्या पेटीपाशी सगळ्यांचेच खांदे वर उचलले गेले. ८६ वर खांदे खाली आले. तेच माप ठरलं.

आता अडचण अशी, की गुडघ्यांसाठी खाली ६९ सेंटीमीटर मोकळे हवेत आणि कड ८६ च्या वर नको. मध्ये उरतात १७. त्यातून तळाच्या फळ्या आणि त्यांचा आधार वजा केला, वरची थोडी मोकळी जागा सोडली, की मातीला जेमतेम १० सेंटीमीटर मिळतात. पालेभाजीला तेवढी खोली पुरते, टोमॅटो-वांग्याला नाही. म्हणून तळ पायरीचा केला. पेटी १२० लांब आणि ६० रुंद. पुढच्या अर्ध्या भागाचा तळ वर आणि मागच्या अर्ध्याचा खाली. मागे मातीला २७ सेंटीमीटर मिळाले. त्या खोल भागाखाली गुडघे येतच नाहीत, पायाचे चवडे येतात आणि त्यांना तिथली ५२ सेंटीमीटरची उंची भरपूर होते. उतरता तळही चालला असता, पण त्यासाठी प्रत्येक फळी तिरपी कापावी लागते आणि नवशिक्या हातांनी केलेले तिरपे काप क्वचितच जुळतात. पायरीत सगळे काप काटकोनात राहतात. एका बाजूनेच हात पोचणार असेल तर ६० पेक्षा जास्त रुंदी ठेवू नये. दोन्ही बाजूंनी जाता येत असेल तरच १२० पर्यंत जावं.

लाकडाचा विचार वजनापासून सुरू झाला. एका पेटीत सुमारे ११० लिटर भर मावते. बागेतली साधी माती चिंब ओली झाल्यावर लिटरला १.७ किलोच्या आसपास भरते, म्हणजे १८५ ते १९० किलो. कोकोपीट आणि कंपोस्ट जास्त असलेलं हलकं मिश्रण ओलं असताना लिटरला एक किलोच्या आसपास राहतं. आम्ही हलकंच मिश्रण सुचवलं, पण पेटी जड मातीच्या हिशोबाने बांधली, कारण दोन वर्षांनी कोण काय भरेल ते आपल्या हातात नसतं.

पाय ७ बाय ७ सेंटीमीटरचे आणि बाजूच्या फळ्या ८.५ सेंटीमीटर रुंद, २२ मिलिमीटर जाड, दोन्ही सागाच्या गाभ्याच्या लाकडाच्या. सालीजवळचा पांढरट पट्टा सागाचा असला तरी कुजतो, म्हणून तो असलेल्या फळ्या बाजूला काढल्या. तळासाठी केंद्राने मालाचे जुने पॅलेट देऊ केले होते. पॅलेटवरचा शिक्का वाचल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही, हा आमचा नियम आहे. परदेशी मालवाहतुकीच्या पॅलेटवर कणसाचं चिन्ह असतं आणि शेजारी प्रक्रियेची अक्षरं. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस उष्णता निदान ३० मिनिटं दिलेली. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी. खायचं काही उगवायचं असेल तिथे एमबीचं लाकूड आम्ही वापरत नाही, बिनशिक्क्याचंही नाही, आणि तेलाचे किंवा रसायनाचे डाग असलेलं तर अजिबात नाही. एचटीचा अर्थ लाकूड टिकाऊ झालं असाही नाही. त्या उष्णतेने किडे मरतात, बुरशी पुढे लागायची ती लागतेच. त्यामुळे पॅलेटच्या फळ्या फक्त तळाला घातल्या, जिथून त्या पुढेमागे चार स्क्रू काढून बदलता येतील. जुन्या रेल्वे स्लीपरचा पर्यायही कोणीतरी सुचवला होता. ते क्रिओसोट या विषारी डांबरी तेलात भिजवलेले असतात, भाजीच्या मातीला लागू देऊ नयेत.

कापायच्या दिवशी आठ जण होते. यांत्रिक करवतीवर दोघंच, ज्यांनी ती चालवून दाखवली आहे तेच. बाकीच्यांना हातात यंत्र नसलं तरी काम कमी नसतं: खुणा, कडा मोडणं, भोकं, घासणं. एकाच मापाचे तुकडे टेपने मोजून कापू नयेत. करवतीच्या टेबलावर लाकडाचा अडसर बसवून सगळे तुकडे त्याला टेकवून कापावेत. मोजून कापलेल्या बारा फळ्यांत दोन-तीन मिलिमीटरचा फरक हमखास पडतो, अडसराला टेकवलेल्यांत पडत नाही. फक्त अडसरापाशी भुसा साचू द्यायचा नाही, तो साचला की प्रत्येक पुढचा तुकडा थोडा थोडा आखूड होत जातो. भुशाचा बारीक कण फुप्फुसात जातो. लाकडाची धूळ कर्करोगकारक म्हणून १९९५ पासून नोंदलेली आहे, तेव्हा घासणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला एन-९५ दर्जाचा मास्क. रुमाल चालत नाही.

जोडणीचा क्रम असा ठेवला. आधी मागची चौकट: दोन पाय आणि चार फळ्या. मग पुढची: दोन पाय आणि वरच्या दोनच फळ्या. दोन्ही चौकटी जमिनीवर आडव्या ठेवून कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले म्हणजे चौकट काटकोनात आहे. गुण्या कोपऱ्यापुरतंच सांगतो, कर्ण सगळ्या चौकटीचं सांगतो. फळ्या पायांच्या बाहेरून बसवल्या, त्यामुळे दोन पायांमध्ये १०१ सेंटीमीटर मोकळे राहिले. खुर्चीला ८० पुरतात. मग दोन्ही चौकटी बाजूच्या फळ्यांनी जोडल्या. बाजूंना वरच्या दोन फळ्या पूर्ण ६० च्या आणि खालच्या दोन अर्ध्या. त्या अर्ध्या फळ्यांची पुढची टोकं आणि पायरीची उभी फळी, सगळी ४ बाय ४ च्या एका उभ्या पट्टीत येऊन मिळतात. या पट्टीवर सगळं तोललेलं आहे, म्हणून तिला प्रत्येक फळीतून दोन स्क्रू.

पायांना फळी जोडताना ५ बाय ६० मिलिमीटरचे स्टेनलेस स्टीलचे स्क्रू वापरले, आणि वरच्या व खालच्या फळीला प्रत्येक पायात एक एम-८, म्हणजे ८ मिलिमीटर जाडीचा बोल्ट, ११० मिलिमीटर लांबीचा. कोपऱ्यात दोन बाजूंचे बोल्ट एकाच उंचीवर घातले तर ते पायाच्या आत एकमेकांवर आदळतात, म्हणून त्यांच्या उंचीत अडीच-तीन सेंटीमीटरचं अंतर. सागात स्क्रूआधी साडेतीन मिलिमीटरचं भोक पाडलंच पाहिजे, नाहीतर फळीचं टोक चिरतं. टोकापासून दोन सेंटीमीटरच्या आत स्क्रू नको, आणि एका फळीतले दोन स्क्रू लाकडाच्या एकाच रेषेवर नकोत. साधे लोखंडी स्क्रू स्वस्त पडतात, पण ते गंजतात आणि सागावर काळे ओघळ सोडतात.

तळाच्या फळ्या पुढून मागे टाकल्या, प्रत्येक भागात बारा, दोन फळ्यांत ६ मिलिमीटरची फट. फट पाण्यासाठी आहे तशीच लाकडासाठीही. ९ सेंटीमीटरची फळी भिजल्यावर दीड-दोन मिलिमीटर फुगते, आणि फट नसेल तर बारा फळ्या मिळून बाजूच्या पट्ट्या बाहेर ढकलतात. फळ्या टेकायला आतून २५ मिलिमीटरची आडवी पट्टी सगळीकडून फिरवली.

ह्याच पट्टीने पहिल्या पेटीत दगा दिला. पेटी तयार झाल्यावर आम्ही तिच्यात वाळूची पोती ठेवून २०० किलोचा भार रात्रभर ठेवतो. सकाळी मागच्या भागाचा तळ एका बाजूने बोटभर खाली आला होता. उघडून पाहिल्यावर कारण साधं निघालं: पट्टी ४ बाय ४० च्या स्क्रूने लावली होती. ४० मधले २५ पट्टीच्या जाडीतच संपले, फळीत शिरले फक्त १५ मिलिमीटर. सत्तर टक्क्यांहून जास्त भार मागच्या भागात असतो, तो या १५ मिलिमीटरच्या चाव्यावर लटकत होता. लांब स्क्रू घालता येत नाहीत, फळी २२ चीच आहे, टोक बाहेर येईल. मग मागच्या आणि पायरीच्या पट्टीला आरपार एम-६ चे ६० मिलिमीटरचे बोल्ट घातले, दर २० सेंटीमीटरवर एक, दोन्हीकडे रुंद वॉशर. दुसऱ्यांदा तोच भार ठेवला, तळ हलला नाही. मागच्या फळ्या मधोमध किंचित फुगल्या होत्या, म्हणून बाहेरून एक उभी पट्टी मारली. भाराची ही चाचणी कार्यशाळेतच व्हायला हवी. केंद्रावर तळ खाली आला असता तर खाली कोणाचे तरी पाय असते.

पायांचं खालचं टोक ही उघड्यावरच्या लाकडाची सगळ्यात नाजूक जागा. तिथे लाकडाच्या नळ्या उघड्या असतात आणि जमिनीतलं पाणी त्या वर ओढून घेतात. टोकं इपॉक्सी या पाणी रोखणाऱ्या राळेत दोनदा भिजवली आणि खाली एम-१० आट्यांचे, वरखाली फिरवता येणारे प्लॅस्टिकचे पाय बसवले. त्यामुळे लाकूड जमिनीपासून दोन सेंटीमीटर वर राहिलं आणि उंचसखल फरशीचा प्रश्नही मिटला. चाकं हवी होती, असं केंद्राचं म्हणणं होतं. आम्ही बसवली नाहीत. खुर्चीतून उठताना माणूस समोरच्या कडेला धरून उठतो, त्या क्षणी पेटी जागची हलली तर काय होईल, एवढंच विचारलं. पुन्हा विषय निघाला नाही.

वरची कड ६ मिलिमीटर गोल केली, आधी ८० आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासली. वय झालेल्या हातांची कातडी पातळ असते, कुसळाने किंवा स्क्रूच्या वर आलेल्या डोक्याने लगेच फाटते. म्हणून सगळी डोकी लाकडाच्या खाली एक मिलिमीटर बुडवली, आणि कडेवरून जुना नायलॉनचा मोजा फिरवून पाहिला. मोजा जिथे अडकतो तिथे पुन्हा घासायचं. बाहेरून उकळलेल्या जवस तेलाचे दोन हात दिले, आतून काही नाही. तेलाच्या चिंध्या चुरगळून डब्यात टाकू नका. हे तेल सुकताना उष्णता सोडतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेट घेऊ शकतो. त्या उघड्यावर सुट्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवाव्यात. आत पाणी झिरपू देणारं विणलेलं कापड स्टेपलने लावलं. तळाला प्लॅस्टिक अंथरलं तर पेटीचं डबकं होतं.

रिकामी पेटी सुमारे ३५ किलोची झाली. ती जागेवर ठेवून, चारही बाजूंनी पातळी पाहून मगच भरायची, भरल्यावर कोणी हलवू शकत नाही. समोर खुर्ची वळायला दीड मीटरचं मोकळं वर्तुळ सोडलं. मिश्रण दोन भाग कोकोपीट, दोन भाग कंपोस्ट, एक भाग माती.

पेट्या पोचवताना केंद्राने डुगडुगणाऱ्या चौदा साध्या लाकडी खुर्च्या दाखवल्या. सुतारकामाच्या दृष्टीने आम्हाला हे काम पेट्यांपेक्षा अवघड वाटतं, कारण आधीच्या दुरुस्त्या सोडवाव्या लागतात. बहुतेक सांध्यांत खिळे ठोकलेले होते. खुर्चीचा सांधा साल-कुशीचा असतो: एका लाकडात खाच, दुसऱ्याची जीभ त्यात. माणूस मागे रेलला की ती जीभ खाचेत वर-खाली तरफेसारखी हलते. खिळा तिला थांबवत नाही, उलट तो तिच्याच तंतूंमधून जातो आणि वर्षभरात ती उभी चिरते. खिळे काढले, प्रत्येक तुकड्यावर चिकटपट्टी लावून नंबर टाकला आणि रबरी हातोड्याने सांधे सोडवले.

मग जुना डिंक खरवडणं. निम्म्याहून जास्त वेळ इथेच जातो, आणि जायलाच हवा. वाळलेल्या पांढऱ्या डिंकावर नवा पांढरा डिंक धरत नाही, त्याला उघडं लाकूड लागतं. पटाशीने खरवडताना लाकूड उडालं तर जीभ बारीक होते आणि सांधा आणखी ढिला पडतो. ढिली झालेली जीभ जास्त डिंक ओतून घट्ट होत नाही, कारण हा डिंक पोकळी भरू शकत नाही, वाळताना आकसतो. जिभेच्या दोन्ही गालांवर लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवायचा, वाळल्यावर तासून हाताच्या जोराने आत जाईल इतपत ठेवायचा. हातोडा मारावा लागला तर फार घट्ट, आपोआप सरकली तर फार ढिली. मग खाचेत आणि जिभेवर दोन्हीकडे पातळ डिंक लावून खुर्ची सपाट टेबलावर उभी करून आवळायची. शिकंजे कमी पडले म्हणून काहींना दोरीचा फेरा मारून त्यात काठी घालून पीळ दिला. आवळल्यावर लगेच बसण्याच्या चौकटीचे कर्ण मोजायचे, चारही पाय टेकतात का ते पाहायचं आणि बाहेर आलेला डिंक ओल्या फडक्याने पुसायचा. दहा मिनिटांनी वाकडेपणा लक्षात आला तर उशीर झालेला असतो. तासाभराने शिकंजे काढता येतात, बसायला मात्र चोवीस तासांनीच.

केंद्रातल्या दोघांना आम्ही या कामाला शेजारी बसवून घेतलं. ॲमस्टरडॅममध्ये २००९ साली मार्टिन पोस्टमा या बाईंनी पहिलं रिपेअर कॅफे, म्हणजे बिघडलेल्या वस्तू एकत्र बसून दुरुस्त करण्याचं संमेलन, भरवलं, तेव्हापासून त्या चळवळीचा रिवाज हाच आहे: वस्तूचा मालक दुरुस्ती करणाऱ्याच्या शेजारी बसतो. त्याचा उपयोग लगेच दिसला. पाचव्या खुर्चीपासून डिंक खरवडण्याचं काम त्या दोघांनीच केलं, आणि पुढचा सैल सांधा खिळ्याविना धरायचा कसा, हे आता केंद्रात दोन माणसांना माहीत आहे.

सहा महिन्यांनी तपासणीला गेलो. हे आम्ही प्रत्येक कामाचं करतो, तारीख वस्तू देतानाच लिहून ठेवलेली असते. लाकूड एक पूर्ण फुगण्या-आकसण्याचं चक्र काढतं, त्यात बोल्टचे नट सैल होतात. पायांचे सगळे नट अर्धा ते पाऊण फेरा फिरले. मिश्रण तीन सेंटीमीटर खाली बसलं होतं, पुढच्या उथळ भागात ते जास्त जाणवत होतं. तो भाग कडक उन्हात दिवसाआड पाणी देऊन भागत नाही, रोज लागतं. केंद्राने तिथे वाळलेल्या पानांचं आच्छादन घातलं होतं, ते योग्यच होतं. दुसऱ्या पेटीच्या पुढच्या कडेवर तेल पूर्ण निघून गेलं होतं, मधोमध, दोन हातांच्या अंतरावर दोन फिकट ठसे. लोक तिथे कोपर टेकवून बसतात. आराखड्यात त्या दोन जागी आता ९ सेंटीमीटर रुंदीची, गोल कडेची, काढघाल करता येणारी टेकणपट्टी घातली आहे, कडेच्या बाहेरच्या अंगाला आणि तिच्याच पातळीत, म्हणजे ८६ चं माप बिघडत नाही. ती बाहेर येते तेवढी खुर्ची मागे राहील, म्हणून पुठ्ठ्याची पट्टी लावून पुढच्या आठवड्यात पुन्हा सगळ्यांना बसवून पाहायचं आहे.